गाठ लागली, पण कसली?

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर यांनी 1829 साली स्तनांच्या आजारांवर एक सचित्र ग्रंथ काढला. तो दोन भागांत यायचा होता: पहिला भाग कर्करोग नसलेल्या आजारांचा, दुसरा कर्करोगाचा. दुसरा भाग कधी निघालाच नाही. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ काढून बॅरोनेट झालेल्या या माणसानं साध्या गाठींना आधी हात घातला, यामागे कारण होतं. भुलीचं औषध यायला अजून सतरा वर्षं होती आणि स्तन कापला जाई तो बाई जागी असताना. ज्या गाठीला हात लावायची गरज नाही ती कुठली, हे ठरवता येणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईंवर 30 सप्टेंबर 1811 रोजी पॅरिसमध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. नेपोलियनच्या सैन्याचे सर्जन लारे यांनी ती केली आणि बर्नीनं पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिचं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली आणि 1840 साली वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. तिची गाठ खरोखर कर्करोगाची होती का, अशी शंका आजचे काही डॉक्टर घेतात. उत्तर मिळणार नाही, कारण गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. बोटांना जे लागेल आणि सर्जनला जे वाटेल, तेच निदान.

आज तशी लाचारी नाही. तरीही आपल्याकडे छातीत गाठ लागली की दोनच टोकं दिसतात. एकीकडे रात्रभर झोप नाही, देवाला नवस, आणि “काय असेल ते काढूनच टाका” असा हट्ट. दुसरीकडे “दुखत नाही ना, मग राहू दे” म्हणून सहा-सहा महिने गप्प बसणं. यातलं दुसरं टोक अधिक घातक आहे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि ज्या गाठी दुखतात त्या बऱ्याचदा साध्या निघतात. दुखण्यावरून धोका मोजायची सवय शरीराच्या इतर भागांत चालून जात असेल, इथे ती उलटी पडते.

स्तन हा सतत बदलणारा अवयव आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. प्रत्येक स्तनात दूध तयार करणारे साधारण पंधरा ते वीस खंड असतात. प्रत्येक खंडात द्राक्षांच्या घडासारख्या बारीक दुग्धग्रंथी, त्यांतून निघणाऱ्या नळ्या, आणि त्या नळ्या शेवटी बोंडाशी येऊन उघडतात. मधली जागा चरबी आणि तंतूंनी भरलेली. स्तनाला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यांना आजही कूपरचंच नाव आहे. वयात येताना हे सगळं वाढतं, दर महिन्याला पाळीच्या चक्राबरोबर थोडं फुगतं आणि ओसरतं, गरोदरपणात पालटून जातं, पाळी जायच्या सुमारास आकसू लागतं आणि त्याची जागा चरबी घेते. इतकी उलथापालथ चाळीस वर्षं चालल्यावर कुठेतरी एखादा कोपरा जास्त वाढणार, कुठे नळी तुंबणार, कुठे पाणी साठणार.

वेल्समधल्या कार्डिफचे सर्जन एल. ई. ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली नेमकं हेच मांडलं. बहुतेक साधे स्तनविकार हे वेगळे रोग नसून स्तनाच्या नेहमीच्या वाढीत आणि आकसण्यात झालेले किरकोळ फरक आहेत, असं त्यांचं म्हणणं. हा विचार वरवर पुस्तकी वाटतो, पण त्यानं डॉक्टरांचा दृष्टिकोन बदलला. निरोगी आणि रोगी यांच्यात भिंत नसते, उतार असतो. उताराच्या वरच्या भागात उभ्या असलेल्या बाईला औषधाची नव्हे, समजावून सांगण्याची गरज असते.

विशीतल्या मुलीला गाठ लागली तर ती बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. दुग्धग्रंथींचा एक खंडुला आणि त्याभोवतीचे तंतू दोन्ही मिळून वाढतात आणि गुळगुळीत, रबरासारखी, न दुखणारी गाठ बनते. बोटानं दाबलं की ती निसटून बाजूला पळते, म्हणून इंग्रज सर्जनांनी तिला ‘स्तनातला उंदीर’ असं नाव दिलं होतं. ती सहसा दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. इस्ट्रोजेनला ती दाद देते, त्यामुळे गरोदरपणात वाढू शकते आणि पाळी गेल्यावर सुकते. म्हाताऱ्या बायकांच्या मॅमोग्राफीत कधी कधी मक्याच्या लाहीच्या आकाराचा चुन्याचा ठिपका दिसतो, तो अशाच एखाद्या जुन्या, विसरलेल्या गाठीचा.

ती काढायची का? निदान पक्कं असेल, गाठ लहान असेल आणि वाढत नसेल, तर नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून दोन वर्षं लक्ष ठेवलं की पुरतं. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, झपाट्यानं वाढू लागली, किंवा तपासणीत काही खटकलं तर काढावी. आपल्याकडे आणखी एक कारण असतं, ते म्हणजे मुलीचं लग्न. स्थळं बघायला लागायच्या आधी गाठ “संपवून टाकावी” असं आईवडिलांना वाटतं, आणि मुलीला काय वाटतं हे विचारायचं राहून जातं. मुलीला स्वतःला ती गाठ सतत डाचत असेल तर काढून घेण्यात चूक नाही. बोंडाभोवतीच्या गडद कडेवर छेद घेतला की व्रणही फारसा दिसत नाही. पण ही गाठ लग्नाआड येत नाही, आणि पुढे अंगावर पाजण्याच्याही आड येत नाही.

तिच्यासारखीच दिसणारी पण वेगळी वागणारी गाठ म्हणजे फायलोड्स ट्यूमर. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी 1838 साली तिचं वर्णन केलं. कापल्यावर आत पानांसारखे पदर दिसतात म्हणून हे ग्रीक नाव. बहुधा चाळिशीत येते, काही महिन्यांत दुप्पट होते. बऱ्याचशा साध्याच असतात, पण भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन काढली नाही तर त्याच जागी परत येतात. झपाट्यानं वाढणाऱ्या ‘उंदरा’कडे डॉक्टर संशयानं पाहतात ते या कारणानं.

तिशी ओलांडली की तक्रारीचा सूर पालटतो. आता एकच सुटी गाठ नसते. छाती जड, दगडासारखी वाटते, काखेकडचा वरचा भाग चाचपला की दाणेदार लागतो, पाळीच्या आठवडाभर आधी ठणका सुरू होतो आणि पाळी आली की उतरतो. याला पूर्वी फायब्रोसिस्टिक डिसीज म्हणत. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात कधी ना कधी असं होतं, म्हणून हल्ली ‘डिसीज’ हा शब्द डॉक्टरांनीच सोडला आहे. त्यात कधी पाण्याची गाठ तयार होते. पस्तीस ते पन्नास या वयात ती एका रात्रीत उपटल्यासारखी हाताला लागते आणि घाबरवते. सोनोग्राफीत आत नुसतं पाणी आणि भिंत पातळ दिसली तर तिला काहीच करायची गरज नसते. दुखत असेल तर सुईनं पाणी काढतात. पिवळं किंवा हिरवट पाणी निघालं आणि गाठ बसली, की काम संपलं. पाणी रक्ताळलेलं असेल, किंवा पाणी काढूनही काही टणक उरलं, तर पुढची तपासणी हवी. गाठीच्या आत भरीव भाग दिसला तरी तेच.

पाळीशी जोडलेल्या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे नीट तपासून “हा कर्करोग नाही” असं स्पष्ट सांगणं. हे ऐकूनच बहुतेक जणींचा निम्मा त्रास कमी होतो, आणि यात बाईच्या मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही: भीती गेली की दुखणं सोसण्याजोगं होतं. दुखणं कधी येतं, किती दिवस राहतं हे दोन-तीन महिने कॅलेंडरवर लिहून ठेवलं तर ते पाळीशी जोडलेलं आहे की नाही ते कळतं. नसेल, आणि एकाच ठिकाणी बोट ठेवता येत असेल, तर ते कित्येकदा स्तनाचं नसून खालच्या बरगडीच्या सांध्याचं असतं. मापाची, नीट आधार देणारी ब्रा दिवसा आणि दुखणं जास्त असेल तेव्हा रात्रीही घातली तर फरक पडतो. दुकानातून “बत्तीस द्या” म्हणून अंदाजानं आणलेली बहुधा मापाची नसते. डायक्लोफिनॅकचं जेल वरून चोळल्यानं गुण येतो. इव्हिनिंग प्रिमरोझच्या तेलाच्या कॅप्सुला मात्र आपल्याकडे भरमसाट लिहून दिल्या जातात. नीट केलेल्या चाचण्यांत त्या खोट्या गोळीपेक्षा फारशा सरस ठरलेल्या नाहीत.

यानं भागलं नाही तर हार्मोनवर काम करणारी औषधं असतात. त्यातलं एक लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ऑर्मेलॉक्सिफेन. आठवड्यातून घ्यायची ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी तीच, सरकारी दवाखान्यात ती ‘छाया’ नावानं मिळते. स्तनाच्या दुखण्यावर भारतातले सर्जन ती बऱ्याच काळापासून वापरतात. तिनं पाळी लांबते, त्यामुळे मैत्रिणीला गुण आला म्हणून आपणही घ्यायची ही गोळी नव्हे. आणि रस्त्याकडेच्या फलकांवर ‘गाठी विरघळवण्याची’ हमी देणारे जे उपचार दिसतात, त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो: फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि पाण्याच्या गाठी पुष्कळदा आपोआप लहान होतात. त्याचं श्रेय मग जो कोणी मधल्या काळात औषध देत होता त्याला मिळतं.

गाठ साधी आहे हे ठरवायचं कसं? यासाठी जगभर मान्य झालेली तिहेरी तपासणी आहे: डॉक्टरांनी हातानं तपासणं, चित्र काढणं, आणि सुईनं पेशी किंवा तुकडा घेणं. तिघांनी एकच उत्तर दिलं तर ते जवळजवळ खात्रीचं. एकानं जरी वेगळं सांगितलं तर थांबायचं नाही, पुढे जायचं. चित्र कुठलं काढायचं हे वयावर ठरतं. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत पांढरा दिसतो. गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे लपून जाते. म्हणून तिशीच्या आत सोनोग्राफी आधी करतात आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफी व सोनोग्राफी दोन्ही. अहवालाच्या शेवटी ‘बायरॅड्स’ म्हणून शून्य ते सहा यांपैकी एक आकडा असतो. ‘3’ पाहून तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर झाला असं समजून रडणाऱ्या बायका कुठल्याही सोनोग्राफी केंद्राबाहेर भेटतील. त्या तीनचा अर्थ जवळजवळ उलटा आहे: कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार आणि पाचला मात्र तुकडा घ्यावाच लागतो.

सुईचं नाव काढलं की घरात कुणीतरी म्हणतंच, “टोचलं की पसरतं.” ही समजूत इतकी खोल रुजली आहे की शिकलेली माणसंही सुईला घाबरून सरळ ऑपरेशनला तयार होतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी 1930 साली सुईनं पेशी काढून निदान करण्याची पद्धत मांडली, आणि आज जगभर ती चालू आहे. सुईनं निदान करून घेतलेल्या बायकांचा आजार त्यामुळे बळावतो असं दिसलेलं नाही. हल्ली बारीक सुईच्या एफएनएसीपेक्षा जरा जाड सुईनं तुकडा घेणारी कोअर बायॉप्सी पसंत केली जाते, कारण तुकड्यात पेशींबरोबर त्यांची मांडणीही दिसते. निदान न करता गाठ थेट कापून काढणं ही आज चुकीची पद्धत मानली जाते. साधी निघाली तर ऑपरेशन वाया गेलं, कर्करोग निघाला तर पुढच्या शस्त्रक्रियेची आखणी बिघडली.

मग दर महिन्याला स्वतःची छाती तपासत बसावं का? शांघायच्या कापडगिरण्यांतल्या 2,66,064 कामगार बायकांवर याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2002 साली आले. निम्म्या जणींना स्वतः तपासायचं पद्धतशीर शिक्षण दिलं होतं. दहा-अकरा वर्षांनी दोन्ही गटांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ सारखे निघाले; शिकवलेल्या गटात साध्या गाठी मात्र पुष्कळ जास्त सापडल्या आणि त्यांच्या बायॉप्सीही झाल्या. मुंबईत टाटा मेमोरियलनं झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांवर बायकांवर दुसरा मार्ग वापरून पाहिला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. वीस वर्षांनी, 2021 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत, पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास घटलेले दिसले. त्याहून तरुण बायकांत तसा फायदा दिसला नाही. यावरून माझं मत असं झालं आहे की तारखेला तारीख धरून चाचपण्यापेक्षा आपली छाती एरवी कशी असते याची ओळख ठेवावी आणि बदल दिसला की शिकलेल्या हाताकडे जावं. कातडी आत ओढली जाणं, संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, बोंड नव्यानं आत वळणं किंवा त्यावर न बरं होणारी खपली धरणं, काखेत गाठ, आणि चाळिशीनंतरची कुठलीही नवी गाठ यांना वाट पाहायला लावू नये.

बाळंतिणीचं दुखणं यापासून निराळं. बोंडाला चीर पडते, दूध साकळतं, स्टॅफिलोकॉकस जंतू शिरतो, थंडी वाजून ताप भरतो आणि छातीचा एक भाग लालबुंद होतो. आपल्याकडचा नेहमीचा इलाज म्हणजे गरम शेक, जोर लावून मालिश आणि दूध पिळून छाती रिकामी करणं. ब्रेस्टफीडिंग मेडिसिन अकादमीनं 2022 साली दिलेली नवी मार्गदर्शिका याच्या नेमकी उलट आहे. सुजलेल्या भागाला रगडलं की सूज वाढते आणि सारखं पिळलं की दूध आणखी तयार होतं. म्हणून बाळाला नेहमीसारखं पाजत राहावं, थंड पट्ट्या ठेवाव्यात, सूज उतरवणारी साधी औषधं घ्यावीत. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर अँटिबायोटिक. पाजणं बंद करायचं नसतं. ते अचानक थांबवलं की दूध तुंबून पू होण्याची शक्यता वाढते. पू झालाच तर हल्ली सोनोग्राफीत पाहून सुईनं तो दर दोन-तीन दिवसांनी काढतात, चिरा दिला जातो तो कातडी पातळ पडली किंवा गळू फारच मोठं असेल तर.

त्याच घरात त्याच सुमारास दुसरी एक छाती धोक्यात असते, ती नवजात बाळाची. आईच्या हार्मोनमुळे मुलगा असो वा मुलगी, बाळाची छाती थोडी सुजते, कधी दुधासारखा थेंबही येतो. काही आठवड्यांत हे आपोआप जातं. आंघोळ घालणारी बाई “दूध काढलं नाही तर पुढे त्रास होईल” म्हणून ते पिळते, आणि कोवळ्या छातीत पू होतो. मुलीच्या बाबतीत स्तनाचा अंकुरच जखमी होतो, आणि त्या बाजूची पुढची वाढ खुंटू शकते. आईनं इथे खमकेपणानं नाही म्हणावं.

भारतात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. स्तनाच्या क्षयाचं पहिलं वर्णनही कूपर यांनी 1829 सालीच केलं. अँटिबायोटिकला न जुमानणारं, पुन्हा पुन्हा फुटून वाहणारं गळू दिसलं की तुकडा घेऊन क्षयाची तपासणी व्हायला हवी. निदान झालं की किमान सहा महिन्यांच्या नेहमीच्या क्षयोपचारानं ते बरं होतं. गोंधळ होतो तो ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाच्या जुळ्या दुखण्याशी. ते बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत येतं, दिसतं कर्करोगासारखं, तुकड्यात क्षयासारखंच चित्र दाखवतं, पण जंतू सापडत नाही. त्याला स्टेरॉइडसारखी औषधं आणि चिकाटी लागते, बरं व्हायला महिनोन् महिने जातात. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुकसान. क्षय असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो फोफावतो.

बोंडातून पाणी येण्यात रंग आणि ठिकाण दोन्ही पाहतात. दोन्हीकडून, अनेक छिद्रांतून, दाबल्यावर येणारा हिरवट-करडा स्राव बहुधा नळ्या रुंदावल्याचा असतो. मूल अंगावर नसताना दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि थायरॉइड तपासायचं, पण त्याआधी गोळ्यांची पिशवी उघडून बघायची. पित्तावर सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सुलांत पुष्कळदा डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. कॅप्सूल बदलली की दूध थांबतं. एकाच छिद्रातून आपसूक येणारा रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव मात्र तपासायलाच हवा. त्यामागे बहुतेकदा नळीतली पॅपिलोमा नावाची छोटी मऊ वाढ असते. ती नळी तेवढी काढली की प्रश्न मिटतो.

पुरुषांनाही स्तनाची ग्रंथी असते आणि तीही फुगते. वयात येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या बोंडाखाली दुखरी चकती हाताला लागते. बहुतेकांची दोन वर्षांत विरते, पण तोवर मुलगा शर्ट काढून पोहायला जायचं टाळतो आणि घरात कुणाला सांगत नाही. मोठेपणी झाली तर यकृताचे आजार, रक्तदाब किंवा हृदयासाठीचं स्पायरोनोलॅक्टोन, आणि जिममध्ये गुपचूप घेतलेली स्टेरॉइड ही कारणं आधी शोधतात.

गाठ काढली, साधी निघाली, तरी अहवालातला एक शब्द वाचायचा राहू नये. नॅशव्हिलच्या ड्यूपाँट आणि पेज यांनी 1985 साली साध्या ठरलेल्या दहा हजारांहून अधिक बायॉप्सी पुन्हा तपासून त्यांतल्या काही बायकांचं पुढे काय झालं ते पाहिलं. साधारण सत्तर टक्के बायकांचा कर्करोगाचा धोका चारचौघींएवढाच होता. ज्यांच्या तुकड्यात पेशींची वाढ जास्त पण रूप नेहमीचं होतं, त्यांचा धोका थोडा वाढलेला, दीड-दोन पट. आणि ज्या थोड्या जणींच्या अहवालात ‘अटिपिया’, म्हणजे पेशींचं रूपही बदललेलं, हा शब्द होता त्यांचा धोका चार पटींच्या आसपास. आई किंवा बहिणीला कर्करोग झालेला असेल तर त्याहूनही जास्त. या शेवटच्या गटातल्या बाईनं दरवर्षी मॅमोग्राफी करून घ्यावी, धोका कमी करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावं, आणि तो कागद घरबदलात रद्दीत जाऊ देऊ नये.